बिनशब्दांची अडतीस मिनिटं

तारांगणात त्याला 'मुका' हे नाव पाडलं ते निवेदकानं. त्याआधी अकरा वर्षं तो नुसता 'मशीनवाला' होता, आणि त्यावर त्याचं भागत होतं. तिकीटखिडकीवरच्या बाईला मात्र नवं नाव फारच आवडलं. सकाळी तो फाटकातून आत शिरला की ती झाडणारीला मोठ्यानं विचारायची, "काय गं, आज मुका मिळाला का?" आणि दोघी भिंतीकडे तोंड करून खिदळायच्या. विनोद रोज तोच, तरी रोज ताजा. तो खाली मान घालून जिना चढायचा. बोलण्यात तो कधीच पटाईत नव्हता, आणि आता तर बोलला असता तरी लोक हसलेच असते.

काम त्याचं चोख होतं. घुमटाच्या मधोमध ते मोठं दोन डोक्यांचं यंत्र उभं असायचं, मुंगळ्यासारखं. त्याच्या भिंगांवरची धूळ काढायची, दिवे बदलायचे, दिवसातून तीनदा अंधार करून छतावर आकाश उमटवायचं. एखादा तारा जागेवरून बोटभर सरकला तरी त्याला खालून कळायचं. सोमवारी सुट्टी.

त्या सोमवारांतच त्याचं खरं आयुष्य होतं. तो संगीत करायचा, आणि एकटा करायचा. अवकाशात तरंगल्यासारखं वाटायला लावणाऱ्या त्याच्या रॉक संगीताला स्पेस रॉक म्हणतात. त्यातही त्याचा ओढा प्रोग्रेसिव्हकडे, म्हणजे गाणं तीन मिनिटांत उरकायचं नाही, ताल मध्येच बदलायचा, एक सूर दहा मिनिटं ताणून धरायचा आणि मग तो कुठून कुठं आला हे ऐकणाऱ्याच्या उशिरा ध्यानात यायचं. विशीत त्याचा चौघांचा बँड होता. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, "गाणारा कोण?" बाकी तिघांनी शेवटी गाणारा शोधला आणि याला वगळलं. तेव्हापासून गिटार, बेस, दोन जुने कीबोर्ड आणि ड्रम, सगळं तो स्वतःच वाजवायला शिकला.

एकट्यानं बँड करायची रीत मोठी विचित्र असते. आधी ड्रम वाजवायचे. ज्या गाण्याचं अजून काहीही जन्माला आलेलं नाही, त्याच्यावर ताल धरायचा. एकविसाव्या मिनिटाला गिटार काय करणार आहे ते डोक्यात ऐकत राहायचं आणि हातांना मात्र ताल सोडू द्यायचा नाही. मग त्या तालावर बेस, मग कीबोर्ड, सगळ्यात शेवटी गिटार. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

ड्रम तो घुमटाखाली वाजवायचा, कारण तिथला घुमारा दुसरीकडे कुठंच मिळत नव्हता. जुन्या संचालकांना त्यानं विचारलं होतं. ते म्हणाले होते, "वाजवा की. फक्त एखादा तारा खाली पडला तर मला सांगा." हे तोंडी झालं होतं. कागद कुठलाच नव्हता.

बाकीची वाद्यं घरी. घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत थोरली बहीण. ताई घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार दुरुस्त करून करून तिचा स्वभावही लाल शाईसारखा झाला होता.

"चार वर्षं झाली," ती म्हणायची, "एकच गाणं चाललंय. तेही त्यात गाणं नाहीच."

"पाच भाग आहेत ताई."

"मग पाच वेळा नाहीये."

ते अडतीस मिनिटांचं होतं आणि त्याचं नाव त्यानं ठेवलं होतं 'लांबवर'. सगळे ग्रह मागं टाकून पुढं निघून गेलेलं एक यान, ज्याला परतीचा रस्ताच दिलेला नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. शेवटचा भाग नऊ मिनिटांचा. त्यात यंत्रं एकेक करून बंद पडतात आणि अखेर फक्त एक सूर उरतो. हे सगळं ऐकणाऱ्याला सांगायची त्याला गरज वाटत नव्हती. सांगायचं असतं तर त्यानं गाणारा शोधला असता.

नव्या संचालकबाई आल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. झपाझप चालणाऱ्या, दोन फोन हातात आणि तिसरा कानाला. एका दुपारी तो नवे स्पीकर तपासत होता आणि त्यासाठी त्यानं 'लांबवर'चा तिसरा भाग लावला होता. बाई दारातच थांबल्या. फोनवरच्या माणसाला म्हणाल्या, "नंतर करते."

"हे काय आहे?"

"माझं आहे."

"तुमचं म्हणजे? वाजवलंय कुणी?"

"मीच."

"अहो, सगळे मिळून कोण कोण?"

"सगळे मीच."

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. शाळांसाठी त्यांना नवा कार्यक्रम करायचा होता, नेमका अशाच दूर गेलेल्या यानावर, आणि त्याला संगीत मिळत नव्हतं. "आपल्याला द्याल?" त्यांनी विचारलं.

"देईन. पण त्याच्यावर कुणी बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

"बघू," बाई म्हणाल्या आणि फोन पुन्हा कानाला लावून गेल्या.

त्यानं ते 'हो' समजून घेतलं. पुढचे चार महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. त्यानं सूर न् सूर छतावरच्या चित्राशी जुळवला. ग्रहाचं कडं डोक्यावरून सरकायचं तेव्हा बेस आत यायचा. सूर्य बाकीच्या ताऱ्यांत मिसळून ओळखू येईनासा व्हायचा तेव्हा ड्रम थांबायचे. घरी जेवताना तो आपणहून बोलायला लागला, तेव्हा ताईनं विचारलं, "ताप आलाय का तुला?"

मग एका सकाळी बाईंनी पहिला पूर्ण प्रयोग लावायला सांगितला. घुमटाखाली तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. पांढरेशुभ्र केस, गळ्याला मफलर, मांडीवर थर्मास. आकाशवाणीवर तीस वर्षं बातम्या वाचलेले, आता निवृत्त. समारंभ कुठलाही असो, माईकसमोर हेच. बाईंनी पेनड्राइव्हवरची एक नवी फाइल त्याच्या हातात दिली. "निवेदन जोडलंय. लावा."

दिवे गेले. त्याचा पहिला सूर निघाला, आणि चौथ्या सेकंदाला त्याच्यावर एक आवाज येऊन बसला.

"अथांग!" मग विराम. "अनंत!" पुन्हा विराम. "अवकाश!"

त्याला वाटलं, सुरुवातीला असेल तेवढंच. पण आवाज उठायचं नाव घेईना. ग्रहाचं कडं आलं तर 'हे पाहा कडं', सूर्य लहान झाला तर 'आता सूर्य लहान होत आहे'. गिटारचं जे वळण त्याला सात महिने सुचत नव्हतं, त्याच्यावर मानवाच्या जिज्ञासेनं भरारी घेतली. बाराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबून पाऊण मिनिट जवळजवळ काहीच वाजत नव्हतं, तिथं निवेदक गंभीरपणे म्हणाले, "इथे आहे... नीरव शांतता."

दिवे लागल्यावर निवेदक जिना चढून कंट्रोल रूममध्ये आले. खुशीत होते. "काय, कसं काय वाटलं? तुझ्या त्या पेटीत जरा जीव ओतला मी."

"काढून टाका," तो म्हणाला.

"काय काढून टाका?"

"तुमचं बोलणं. सगळं."

निवेदकांनी थर्मासचं झाकण शांतपणे लावलं. "बाळ, मी बोलायला लागलो की लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. तुझं हे काय आहे? शब्द नसले तर हे आणि घरातला पंखा यात फरक काय?"

"पंखा मध्येमध्ये 'हे पाहा पंखा' म्हणत नाही."

निवेदकांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. ते बाईंकडे वळले. "तुमचा हा मुका बोलतो की!"

बाई म्हणाल्या, शाळेच्या मुलांना काहीतरी कळायला नको का? तो म्हणाला, तुम्ही कबूल केलं होतं. त्या म्हणाल्या, मी 'बघू' म्हटलं होतं, आणि बघितलं. शेवटी तोडगा निघाला तो असा: शेवटची नऊ मिनिटं मोकळी. बाकी एकोणतीस मिनिटं निवेदन राहील. दोघांनीही मान डोलावली, आणि दोघांनाही ते मान्य नव्हतं.

घरी ताईला हे सांगितल्यावर ती कागदावरून डोकं वर न काढता म्हणाली, "'बघू' म्हणजे 'हो' नव्हे. हे चौथीतल्या पोराला कळतं."

"तू माझ्या बाजूची आहेस की त्यांच्या?"

"मी व्याकरणाच्या बाजूची आहे. लिहून घ्यायला काय झालं होतं?"

त्या दिवसापासून युद्ध जुंपलं. शाळांचे गट घेऊन दोन आठवडे सराव प्रयोग चालणार होते आणि निवेदक एकही चुकवत नसत. मिक्सरवर निवेदनाचा आवाज कमीजास्त करणारी पट्टी तो केसभर खाली ओढायचा. तिसऱ्या रांगेतून लगेच छोटी बॅटरी चमकायची, दोनदा: वर घे. तो घ्यायचा, आणि संगीताची पट्टी त्याच्याही वर न्यायचा. बॅटरी तीनदा चमकायची. मग बाईंचा लेखी आदेश आला, निवेदनाचा आवाज सहावर ठेवावा. त्यानं ठेवला सहावर, संगीत नऊवर. दुसरा आदेश आला, संगीत चारवर. मग बाईंनी स्वतः येऊन दोन्ही पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली.

"लहान पोरं आहात का तुम्ही?" त्या म्हणाल्या.

यावर त्यानं जे केलं ते लहान पोरांनाही शोभलं नसतं. घुमटाखालच्या खुर्च्या मागं कलतात, म्हणजे मान न दुखता वर बघता येतं. निवेदकांच्या खुर्चीचा कलायचा खटका त्यानं सोमवारी येऊन घट्ट आवळून टाकला. चार दिवस ते ताठ पाठीनं बसून मान मोडून वर बघत राहिले. पाचव्या दिवशी गळ्यात मफलरऐवजी पट्टा आला. तिकीटवालीनं विचारलं तर म्हणाले, वयाचं दुखणं. सहाव्या दिवशी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं, ती मऊपणे मागं कलली, आणि ते कितीतरी वेळ कंट्रोल रूमच्या काचेकडे बघत राहिले. आत उभ्या असलेल्या त्याला स्वतःची लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार होते, दोन शाळांची मुलं, शिक्षक, वर्तमानपत्रवाले. पावणेदहाला त्याच्या टेबलावर निवेदनाची नवी फाइल ठेवलेली होती. 'अंतिम' असं लिहिलेलं. त्यानं हेडफोन कानाला लावून ती शेवटाकडे सरकवली. मोकळ्या ठेवलेल्या नऊ मिनिटांत आता निवेदक होते. थोडेथोडके नव्हते, नऊच्या नऊ मिनिटं होते. एकेक यंत्र बंद पडत होतं आणि निवेदक प्रत्येकाला निरोप देत होते.

तो बाईंच्या खोलीत गेला. त्या पुष्पगुच्छ मोजत होत्या.

"शेवटचा भाग मोकळा ठरला होता."

"हो, पण त्यांनी मला काल ऐकवलं. फार छान झालंय हो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"ठरलं होतं बाई."

"आता एक तास राहिलाय! पाहुणे जाऊ देत, मग बघू."

पुन्हा तोच शब्द. तो वर आला. शेवटचा भाग आला की निवेदनाची पट्टी शून्यावर आणायची, एवढंच त्यानं ठरवलं. नऊ मिनिटं, बस. चिकटपट्टी त्यानं नखानं अलगद सोडवून ठेवली.

अकराला दिवे गेले. "अथांग!" झालं, "अनंत!" झालं. त्यानं दात आवळून धरले. बारावं मिनिट आलं, वाद्यं थांबली, घुमटाखाली दोनशे माणसं श्वास धरून बसली, एक मूलसुद्धा खोकेना. चार वर्षं तो याच क्षणासाठी राबला होता. आणि निवेदक म्हणाले, "इथे आहे..."

त्यानं पट्टी खाली ओढली. ठरवून नाही, हातच गेला. 'नीरव शांतता' हे दोन शब्द घुमटात उमटलेच नाहीत, आणि त्यामुळे ती खरोखरच झाली.

तिसऱ्या रांगेत बॅटरी चमकली. दोनदा. तीनदा. मग वेड्यासारखी. त्यानं काचेकडे पाठ केली. चौथा भाग सुरू झाला, सगळ्यात जोरकस, सात मात्रांचा ताल आणि त्याच्यावर दोन गिटार. आणि त्या गदारोळात त्याला खालून काहीतरी ऐकू आलं.

निवेदक उभे राहिले होते. माईक नव्हता, कागद नव्हता, अंधारात एक हात वर करून ते अख्खं निवेदन तोंडपाठ म्हणत होते.

"मानवाच्या... जिज्ञासेची... भरारी!"

त्यानं संगीत पाचवर नेलं. निवेदक ओरडायला लागले. त्यानं सातवर नेलं. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस गळ्यातला पट्टा काढून फेकून पोटातून आवाज काढत होता, आणि मान्यच करायला हवं, आवाज पोचत होता. खुर्च्या थरथरायला लागल्या. पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी, बहुधा एखादी शिक्षिका, कडाडली, "गप्प बसा!"

निवेदकांना वाटलं, हे वरच्याला म्हटलं. त्याला वाटलं, हे खालच्याला म्हटलं. दोघंही जास्तच चेकाळले.

असं पूर्ण सतरा मिनिटं चाललं. शेवटाकडे निवेदकांचा आवाज फाटला, शब्दांच्या जागी नुसती खरखर यायला लागली, मग खोकल्याची उबळ, आणि ते खाली बसले. त्याच सुमारास पाचवा भाग लागला. तो मुळातच हळू होता. नऊ मिनिटं कुणीही बोललं नाही. छतावरचा सूर्य इतर ताऱ्यांत मिसळून गेला, एक सूर तेवढा उरला, आणि मग तोही राहिला नाही.

दिवे लागले. टाळ्या नाहीत. मोठ्या साहेबांनी बाईंना विचारलं, "हे असंच होतं का?"

बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता, पण त्या हजरजबाबी. "हो सर. प्रयोग केलाय. माणूस आणि अवकाश यांचा झगडा."

"अच्छा," साहेब म्हणाले. "डोकं दुखलं जरा."

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी 'धाडसी प्रयोग' असं छापून आलं. तरीही चौथ्या दिवशी त्याची चौकशी झाली. लांब टेबलामागे तिघं बसले होते, मधोमध बाई. निवेदक आले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे बोलायला बंदी केली होती, त्यामुळे त्यांनी तक्रार लिहून पाठवली होती, अकरा पानांची. खुर्चीचा खटकाही त्यात होता.

"माफीचं पत्र द्या," बाई म्हणाल्या, "विषय संपवते मी."

"निवेदन काढा, आत्ता लिहून देतो."

"तुम्ही अटी घालायच्या जागेवर नाही आहात."

"मग नाही लिहीत."

नोकरी गेली. अकरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. पण तिकीटवालीनं जाता जाता सांगितलं ते त्याला जास्त झोंबलं: कार्यक्रम चालूच राहणार होता. त्याच संगीतावर, त्याच निवेदनासह. नऊ मिनिटांसह.

तो दोन दिवस गादीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ताईनं त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. तुझं संगीत त्यांच्याकडे राहणार आणि तू इथं लोळणार?"

"तुला कधीपासून ते संगीत वाटायला लागलं?"

"मला अजूनही वाटत नाही. पण चार वर्षं मी त्याचा छळ सोसलाय. फुकटात देऊ होय त्या बयेला?"

तिनं पत्र लिहिलं. एका पानाचं, एकही शब्द वावगा नाही, आणि वाचल्यावर घाम फुटावा असं. तारांगणाचं उत्तर आलं, ड्रम आमच्या घुमटाखाली, आमच्या विजेवर वाजवलेले आहेत, लेखी परवानगी कुठं आहे? म्हणजे ते आमचे.

त्यानं ते वाचून डोकं धरलं. ताईनं चष्मा पुसून तेच दोनदा वाचलं. "यांनी काय लिहिलंय बघ. ड्रम आमचे. गिटार आमची असं कुठं म्हटलंय?"

"मग?"

"मग देऊन टाक ड्रम. उरलेलं आपलं."

"ताई, त्या ड्रमांना दीड वर्ष लागलंय मला!"

"हात तोडून घेतले का तुझे? पुन्हा वाजव."

त्या रात्री तो ताईवर जितका चिडला तितका बाईंवरही चिडला नव्हता. सकाळी उठून त्यानं ड्रमांची फाइल वेगळी काढली आणि पोचवली. सोबत ताईचं दुसरं पत्र: ड्रम आपले, ते आपण ठेवावेत, गिटार, बेस आणि कीबोर्ड घरात वाजवले आहेत, ते आपण कार्यक्रमातून काढावेत, साक्षीला मी आहे आणि खालच्या मजल्यावरची चार कुटुंबं आहेत, ज्यांच्या तक्रारी आमच्याकडे तारखेनिशी जपून ठेवलेल्या आहेत.

बाईंनी हट्टानं कार्यक्रम चालवला. नुसते ड्रम, आणि वर निवेदक. धडाड धूम, "अथांग!", धडाड धूम, "अनंत!" शाळांमधून विचारणा व्हायला लागली की ही सर्कशीची जाहिरात आहे का. अकरा दिवसांनी खुद्द निवेदकांनीच लिहून कळवलं की माझा आवाज यातून वगळावा. मग काही उरलंच नाही. यानाचा कार्यक्रम बंद पडला आणि चंद्रावरचा जुना पुन्हा लागला.

त्याला आनंद झाला का? झाला. पुष्कळ झाला. पण तो आनंद फार पुरला नाही, कारण त्याच्याकडे आता 'लांबवर' होतं आणि ड्रमांशिवाय त्या संगीताला पाठीचा कणा नव्हता.

त्याला नोकरी मिळाली ती फळांच्या शीतगृहात, यंत्रांवर नजर ठेवायची. तिथं सात कोठ्या होत्या. वसंतात सातवीची दुरुस्ती निघाली; ती रिकामी करून महिनाभर बंद ठेवली. त्यानं मुकादमाला विचारलं. या वेळी त्यानं कागदावर लिहून घेतलं, आणि मुकादमानं वैतागून सही करता करता म्हटलं, "ढोल बडवायला परवानगी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आत जाऊन जाड दार लावून घ्यायचा. भिंतींत हातभर फोम. टिपरी आदळली की आवाज तिथल्या तिथं मरायचा, घुमाऱ्याचं नावही नाही. पहिल्या दिवशी त्याला रडू आलं. सगळं वाजवलेलं उघडंनागडं पडत होतं, घुमटाखाली झाकल्या गेलेल्या शंभर चुका इथं समोर येऊन उभ्या राहत होत्या. आठवडा लागला त्याला हे पचवायला. मग त्यानं मधले अर्धे ठोके काढूनच टाकले. चौथ्या भागात तर इतके कमी ठेवले की पुढचा ठोका येईल की नाही अशी धास्ती वाटावी.

एका दुपारी तो पाचव्या भागात होता, आणि दार उघडलं गेलं. मोठ्या बिजागऱ्यांचा कण्हल्यासारखा आवाज थेट ध्वनिमुद्रणात गेला. तो शिवी हासडून वळला. दारात निवेदक उभे होते. वाळले होते. मफलर होता, थर्मास नव्हता.

"तुझ्या बहिणीनं पत्ता दिला," ते म्हणाले. आवाज ऐकून तो चरकला. पूर्वीच्या त्या आवाजाचा नुसता गाळ खाली राहिला होता.

"काय हवंय?"

"काही नको. एक सांगायला आलोय. लोक हल्ली एक गोष्ट सांगत फिरतात. ती तिकीटवालीसुद्धा सांगते. म्हणे मी त्या दिवशी शेवटची नऊ मिनिटं तुझं संगीत ऐकून गहिवरून गप्प बसलो." ते दोन पावलं आत आले. "ते साफ खोटं आहे. माझा घसा बसला होता. आवाज असता तर मी शेवटच्या सेकंदापर्यंत बोललो असतो. हे तुला कळलेलं असावं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "लोक असंही सांगतात की तुमचा घसा गेलेला बघून मी आवाज कमी केला. मी केला नाही. तो भागच हळू आहे."

"मलाही माहीत आहे. माझं पाठ होतं सगळं."

त्या खोलीत श्वाससुद्धा फार स्पष्ट ऐकू यायचा.

"आवाज येईल परत?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बापाचं काय जातं?" निवेदक म्हणाले. मग मान चोळत त्यांनी ड्रमांकडे बोट केलं. "इथं तर पूर्वीपेक्षाही वाईट वाजतंय. मेलेल्या माणसाच्या छातीवर थापट्या मारल्यासारखं."

"हो," तो म्हणाला. "तसंच हवंय."

"खुर्चीचं मी विसरणार नाही."

"नका विसरू."

ते गेले. जाताना त्यांनी दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. त्यानं उठून ते लावलं, मुद्रण पुसलं आणि पाचवा भाग पहिल्यापासून घेतला. त्या दिवशी जमलं नाही. आणखी नऊ दुपारी लागल्या.

'लांबवर' त्यानं इंटरनेटवर टाकलं ते पावसाळा संपता संपता. पहिल्या महिन्यात एकोणीस जणांनी ऐकलं. नंतर कुठल्याशा थंड देशातल्या एका रेडिओवाल्यानं ते सबंध वाजवलं, मध्ये एक शब्द न बोलता, आणि मग ऐकणारे काही हजार झाले. त्यातल्या एकानं लिहिलं की हे ड्रम ऐकताना भीती वाटते. तारांगणाच्या बाईंनी त्याला निरोप पाठवला, नवा कार्यक्रम काढतेय, जुनं विसरून जाऊ या का? त्यानं उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा ताईनं त्याच्या वतीनं एक ओळ लिहून पाठवली. त्यात एकच शब्द होता, 'बघू', आणि त्याच्यापुढे तिनं ठसठशीत पूर्णविराम दिला होता.